राज्य दुरुस्ती मिळणारे दुकान

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, कायद्याच्या पुस्तकांचे एक लहान दुकान आहे. मालकांच्या अटीमुळे त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. ‘नाव छापून आले की जत्रा जमते आणि जत्रेला कलम कुठले हवे ते ठाऊक नसते,’ असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यांना खरोखर गरज असेल त्यांनी न्यायालयाच्या आवारात एखाद्या जुन्या कारकुनाला ‘चिठ्ठ्यांचे दुकान’ म्हणून विचारावे. मी या दुकानाची सहा वर्षांहून अधिक काळ वर्गणीदार आहे आणि येथे मिळणारा ‘महाराष्ट्र फौजदारी संच’ रोज वापरते. म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

माझी तिथली पहिली फेरी नामुष्कीनंतरची आहे. २०१९ मध्ये एका रिक्षाचालकावर वाहतूक पोलिसाशी झालेल्या झटापटीवरून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा दाखल झाला होता. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला किंवा बलप्रयोग केल्याचा हा अपराध. माझ्या टेबलावर एका मोठ्या प्रकाशनाचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड ग्रंथ होता आणि त्यात या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास छापलेला होता. मी पक्षकाराला तेच सांगितले आणि खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालेल, असेही वर सांगितले. सरकारी वकिलांनी आवाजही न चढवता माझी चूक दाखवून दिली. महाराष्ट्र विधानमंडळाने २०१८ च्या अधिनियम क्रमांक ४० ने या कलमातील दोन वर्षांची पाच वर्षे केली होती, खटला सत्र न्यायालयाकडे नेला होता आणि ही दुरुस्ती ७ जून २०१८ पासून लागू होती. ग्रंथ दिल्लीत छापलेला होता. त्यात दिल्लीपुरते सारे बरोबर होते. पक्षकाराच्या चेहऱ्यावरचा त्या वेळचा भाव मी अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला या दुकानात नेले. मालकांनी नाव-गाव न विचारता पहिला प्रश्न केला तो असा : ‘मॅडम, संहिता दिल्लीची हवी की मुंबईची?’ तेव्हा तो मला पुणेरी खवचटपणा वाटला. आता वाटते की, फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारायला हवा. फौजदारी कायदा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे संसदेने केलेल्या संहितेत राज्य आपल्या हद्दीपुरता बदल करू शकते. मात्र तो बदल संसदेच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. दुसरा मार्ग राज्य सूचीचा आहे. दारू, जुगार, पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था असे विषय राज्याचे आहेत आणि त्याच सूचीतील ६४ वी नोंद राज्याला स्वतःच्या कायद्यांच्या भंगाबद्दल अपराध निर्माण करण्याचा अधिकार देते. या मार्गाने राज्यपालांच्या संमतीवर नवा गुन्हा जन्माला येऊ शकतो. कोणता गुन्हा कोणत्या दाराने आला, हे ज्या पुस्तकात दिसत नाही ते पुस्तक अर्धेच आहे, या मताची मी याच दुकानात झाले.

आता संचाविषयी. कापडी बांधणीचे दोन खंड आणि एक सुटी फाइल असे त्याचे स्वरूप आहे. पहिल्या खंडात केंद्रीय संहिता महाराष्ट्राच्या दुरुस्त्यांसह आहेत. दुसऱ्या खंडात राज्याचे स्वतःचे अधिनियम आहेत : १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमापासून १९४९ चा दारूबंदी अधिनियम, १९५१ चा पोलीस अधिनियम, १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ आणि त्यानंतरचे बहुतेक सगळे. फाइलमध्ये विधेयके आणि अध्यादेश असतात. मी संच घेतला तेव्हा किंमत ३,८०० रुपये होती आणि वार्षिक वर्गणी सध्या ७५० रुपये आहे. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशा तिन्ही अधिवेशनांनंतर एक पाकीट मिळते आणि त्यात छापील चिठ्ठ्या असतात. त्या ज्या त्या कलमावर फक्त डाव्या कडेने चिकटवायच्या, म्हणजे चिठ्ठी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता येतो. हे मालकांचे आग्रहाचे सांगणे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० प्रमाणे कृत्य घडले त्या दिवशी लागू असलेल्या कायद्यापेक्षा अधिक शिक्षा कोणालाही देता येत नाही, तेव्हा जुना मजकूर झाकून टाकणारे पुस्तक न्यायालयात निरुपयोगी ठरते.

चिठ्ठ्यांचे रंग तीन आहेत. लागू झालेल्या दुरुस्तीची चिठ्ठी पांढरी, सभागृहांनी मंजूर केलेल्या पण संमतीसाठी थांबलेल्या विधेयकाची पिवळी, आणि न्यायालयाने रद्द केलेल्या तरतुदीची लाल. ही युक्ती वरवर बालवाडीतली वाटते, परंतु राज्याचा फौजदारी कायदा कसा चालतो, कुठे अडतो आणि कुठे आपटतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी सोय मला आजवर मिळालेली नाही. प्राणी संरक्षण अधिनियमाचे पान पाहावे. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २०१५ मध्ये, म्हणजे पिवळी चिठ्ठी वीस वर्षे पिवळीच राहिली आणि मग एका दिवसात सहा महिन्यांच्या कमाल शिक्षेची पाच वर्षे झाली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील ५ड आणि ९ब ही कलमे रद्द केली, म्हणून त्या पानावर लाल चिठ्ठ्याही आहेत. पोलीस अधिनियमातील डान्सबारच्या पानावर तर चिठ्ठ्यांचा थरच झाला आहे. २००५ ची बंदी, ती रद्द करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब, २०१४ मध्ये पुन्हा बंदी, २०१६ चा स्वतंत्र अधिनियम आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातील अनेक अटींवर पडलेली कात्री, असा तो क्रम आहे. ‘मोक्का’मधील दूरध्वनी संभाषण टिपण्याच्या कलमांवर २००३ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाची लाल चिठ्ठी आहे आणि तिच्यावर २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची पांढरी, त्याच निकालाने कलम २१ मधील जामिनाच्या अटीतून ‘किंवा अन्य कोणत्याही अधिनियमाखाली’ अशा अर्थाचे शब्द काढून टाकले, तेवढ्याच शब्दांवर लाल पट्टी आहे. अख्ख्या कलमाला रंग फासण्याचा आळस येथे केलेला नाही.

अध्यादेशाच्या चिठ्ठीवर आणखी एक खूण असते. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश आपोआप संपतो, म्हणून ती तारीख मालक पेन्सिलीने लिहून देतात. पुण्यातल्या माणसाला या पेन्सिलीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दुकानापासून फार लांब नसलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले, तो त्यानंतर काही दिवसांत अध्यादेशाच्या रूपाने आला. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. या अधिनियमाची मांडणीही संचात नीट उलगडून दाखवलेली आहे. शिक्षा कलमात आहे, म्हणजे किमान सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये द्रव्यदंड. परंतु नेमके कोणते कृत्य केले म्हणजे अपराध होतो, हे शेवटच्या अनुसूचीतील बारा नोंदींमध्ये आहे. शिवाय कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हा अधिनियम लागू नाही असे स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. विधेयकाला झालेल्या विरोधाचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना ते वाक्य कोणासाठी लिहिले गेले हे लगेच कळेल.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र मूळ मजकुरात नाहीच. ती दुसऱ्या खंडाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, मालकांनी स्वतः जुळवलेली एक लहानशी सारणी आहे. राज्याच्या अधिनियमात अपराध दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, आहे की नाही, जामीनपात्र आहे की नाही, हे लिहिलेले नसेल तर काय समजायचे, याचे उत्तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात होते आणि आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याच जागी आहे. शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी किंवा केवळ द्रव्यदंडाची असेल, तर अपराध अदखलपात्र आणि जामीनपात्र. तीन वर्षे आणि त्याहून अधिक, पण सात वर्षांपर्यंत असेल, तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. सात वर्षांच्या वर, जन्मठेप किंवा मृत्युदंड असेल, तर सत्र न्यायालय. या सारणीकडे पाहिल्यावर विधेयकात ‘तीन वर्षांपर्यंत’ हे शब्द वारंवार का येतात, ते ध्यानात येते. तो आकडा शिक्षेसाठी असतो तितकाच अटकेसाठीही असतो. ‘तीन वर्षांपर्यंत’ हा अपराध नेमका कोणत्या बाजूला पडतो यावर देशभर मतभेद होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखाधिकार (कॉपीराइट) अधिनियमाच्या प्रकरणात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या अधिनियमात तीन वर्षे आहेत, डॉक्टरांवरील आणि रुग्णालयांवरील हिंसाचाराविरुद्धच्या २०१० च्या अधिनियमातही तीनच. १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात मात्र कमाल दोन वर्षे आणि दहा हजार रुपये आहेत. पालक मला विचारतात की, पोलीस तक्रार घेऊन तत्काळ अटक का करत नाहीत. त्यांना मी हल्ली ही सारणीच दाखवते.

ज्या कलमांकडे कोणी फारसे पाहत नाही, त्यांच्यावरही या दुकानाने कष्ट घेतले आहेत. वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळते की, कोयता घेऊन फिरणाऱ्या तरुणावर शस्त्र अधिनियमासह महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ‘३७ (१) सह १३५’ खाली गुन्हा दाखल झाला. येथे विधानमंडळाने चौकट तयार केली आहे आणि तिच्यात कृत्य भरतो तो पोलिसांचा आदेश. आदेश लागू नसेल, तर कलम ३७ चा भंगही नाही. जमावबंदीचा असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक चालत नाही, हे वाक्य संचात अधोरेखित आहे आणि त्या एका अधोरेखनाने माझी दोन प्रकरणे तरली आहेत. शिक्षा न वाढल्याने दात गेलेले अधिनियमही येथे आहेतच. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या अधिनियमातील द्रव्यदंडाची कमाल मर्यादा दोन हजार रुपये आहे. लक्ष्मी रस्त्यावर दादा-भाऊंच्या वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो, त्याच्या छपाईलाही त्याहून जास्त खर्च येत असेल. न्यायालय तीन महिन्यांचा कारावास देऊ शकते हे खरे, पण माझ्या वकिलीत तो मी अजून पाहिलेला नाही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा या दुकानाची खरी परीक्षा होती. बाजारात जुन्या ५११ कलमांची नव्या ३५८ कलमांशी जुळणी दाखवणारे तक्ते पावसाळी छत्र्यांसारखे विकले जात होते. त्यातल्या बहुतेकांत ‘३५३ म्हणजे आता १३२’ एवढेच होते. या दुकानाच्या पाकिटात कलम १३२ साठी जी चिठ्ठी आली, तिच्यावर एक ओळ अधिक होती : ‘महाराष्ट्राची पाच वर्षे येथे नाहीत. ३० जूनपर्यंतच्या कृत्यास जुनेच.’ संसदेने संहिता निरसित केली, तेव्हा तिच्यावर बेतलेली राज्याची दुरुस्तीही तिच्याबरोबर गेली. नव्या संहितेतील कलम १३२ मध्ये पुन्हा दोन वर्षे आहेत. म्हणजे पोलिसाची कॉलर ३० जूनच्या रात्री धरली तर पाच वर्षांपर्यंतचा कारावास आणि १ जुलैच्या सकाळी धरली तर दोन वर्षांपर्यंतचा, अशी आज स्थिती आहे. माझी २०१९ मधली चूक ज्या दुरुस्तीने झाली होती, तिच्या अंताची चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने चिकटवली आणि खरे सांगायचे तर थोडे समाधानही वाटले.

‘शक्ती’ विधेयकाची पिवळी चिठ्ठी याच उलथापालथीत अधांतरी राहिली आहे. डिसेंबर २०२० मध्ये मांडलेले, संयुक्त समितीकडे जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले हे विधेयक लैंगिक अपराधांसाठी काही प्रसंगी मृत्युदंडाची तरतूद करत होते. ते केंद्रीय कायद्यांना हात घालत असल्यामुळे राष्ट्रपतींकडे गेले आणि ज्या दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होते, ती संहिता जाईपर्यंत संमती आली नव्हती. चिठ्ठी चिकटवायला आता पानच उरलेले नाही. ती काढून टाकू का, असे मी विचारले तेव्हा मालकांनी ‘फाइलीत ठेवा’ एवढेच सांगितले. विधेयकासोबत ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते आणि सरकारला त्या वेळी काय वाटत होते याचा तोच एक अधिकृत पुरावा असतो, म्हणून ती मी ठेवली आहे.

सुटी फाइल पूर्वी मला अनावश्यक खर्च वाटत असे. विशेष जनसुरक्षा विधेयकाने ते मत बदलले. २०२४ मध्ये मांडलेला आणि संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्यानंतर जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला, असे दोन्ही मसुदे पाकिटात समोरासमोर छापून आले. पहिल्या मसुद्याच्या दीर्घ शीर्षकात ‘व्यक्ती आणि संघटना’ असा व्यापक उल्लेख होता. समितीनंतर तेथे ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ आल्या. कोणत्याही पक्षाचा माणूस असो, त्याने या दोन शब्दरचना शेजारी ठेवून वाचाव्यात. ‘तत्सम’ या शब्दावर पुढे किती युक्तिवाद होतील, याचा अंदाज कोणताही फौजदारी वकील बांधू शकेल.

आता तक्रारी. मोठी तक्रार तारखांची आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या अधिनियमाच्या नावात २०१६ आहे, कारण विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला. परंतु राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू झाला जुलै २०१७ मध्ये. माझ्या संचात तो २०१६ पासूनच पांढऱ्या चिठ्ठीने लागू दाखवलेला होता. जे दुकान रंगांवर चालते, त्याने पिवळ्या काळाला पांढरे म्हणणे अक्षम्य आहे. मी दाखवून दिल्यावर मालकांनी वाद घातला, राजपत्र काढले, पाच मिनिटे वाचले आणि मग सगळ्या वर्गणीदारांना दुरुस्त चिठ्ठी विनामूल्य पाठवली. हीच चूक आणखी कुठे झाली नसेल, याची खात्री मी अजून देऊ शकत नाही. अंमल सुरू करणाऱ्या अधिसूचना आणि अधिनियमांखालील नियम संचात नाहीत. ते वेगळे शोधावे लागतात. विषयसूची नाही. पेन्सिलीचे अक्षर काही ठिकाणी औषधाच्या चिठ्ठीला लाजवेल असे आहे.

भाषेचीही एक अडचण सांगायला हवी. दुसरा खंड मराठीत आहे आणि सत्र न्यायालयापर्यंत तो उत्तम चालतो. ‘किंवा दोन्ही’ आणि ‘आणि द्रव्यदंडही’ यांतला फरक मराठीत वाचताना पक्षकारालाही कळतो. उच्च न्यायालयात मात्र राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी पाठ हाच अधिकृत धरला जातो, आणि तो येथे मागणीनुसार स्वतंत्रपणे, दुप्पट दराने मिळतो. दुप्पट का, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

सेवा पुणेरी आहे. एक ते पाच दुकान बंद असते आणि त्या वेळात दार वाजवणाऱ्याला शिक्षेची तरतूद नसली तरी तिरस्कार निश्चित मिळतो. दारावर ‘कलम सांगा, कथा सांगू नका’ अशी पाटी आहे. तरीही नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींशी मालक अर्धा अर्धा तास उभे राहून बोलतात, हेही मी पाहिले आहे. पैसे मोबाइलवरून घेतात, पावती हाताने लिहून देतात, जुना संच परत घेत नाहीत.

पाचपैकी चार गुण देते. पाचवा गुण त्या २०१६ च्या पांढऱ्या चिठ्ठीसाठी राखून ठेवला आहे. दिवाणी काम करणाऱ्यांनी हा खर्च करू नये. फौजदारी काम करणाऱ्यांनी, महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आणि न्यायालयीन वार्ता देणाऱ्या पत्रकारांनी जरूर करावा. हिवाळी अधिवेशनाचे पाकीट साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होते. ते घ्यायला जाताना गोंदाची बाटली घरचीच न्यावी, कारण दुकानातली मागितली तर ‘आधी तारीख तपासा, मग चिकटवा’ हे ऐकून घ्यावे लागते.